चेहरा वगळून

३ मार्च २०१३, रविवार. लातूर

पोरांना रोज सांगतो, दिवसभरात काय केलं ते दहा ओळींत लिहा, म्हणजे चूक कुठं झाली ते सापडतं. स्वतः मात्र कधी लिहिलं नाही. आजपासून लिहिणार आहे. अंजूला सातवा महिना लागलाय आणि घरात एक नवीन विषय निघालाय.

सकाळी चारशे पोरांची टेस्ट घेऊन घरी आलो तर ती पाय खुर्चीवर टाकून बसलेली. ती आमच्याच क्लासच्या ऑफिसात फॉर्म बघते. सीझनमध्ये दिवसाला दोन-दोनशे फॉर्मवर पोरांचे फोटो चिकटवते आणि कान दिसत नाहीत, परत काढून आण, म्हणून त्यांच्यावर खेकसते. मला म्हणाली, "एक मागायचंय. न्हाई म्हणू नका."

मला वाटलं कूलर.

"बाळ झालं की पहिल्यांदा आईजवळ आणतात ना, तेव्हाचा फोटो पाहिजे. तिथंच, त्याच वेळी. नंतर पावडर लावून काढलेला नको. आणि त्यात माझं तोंड दिसलं पाहिजे."

म्हटलं, लग्नाचे दोन अल्बम आहेत, त्यात तुझं तोंड तीनशे वेळा आहे. ती हसली नाही.

अंजूचं गाव औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांची होती. गणपतीसाठी नांदेडला मामाकडे गेली होती म्हणून वाचली. आई, वडील, धाकटा भाऊ आणि भिंतीवरचा एकुलता एक फोटो, सगळं एका पहाटे मातीखाली गेलं. "आईचा आवाज आठवतो, हात आठवतात, तोंड आठवत न्हाई," म्हणाली. "मला पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा ती कशी दिसत होती, हे सांगणारंबी कुणी राहिलं न्हाई. आपल्या लेकराला तरी दिसलं पाहिजे. मी असो, नसो."

असलं अभद्र बोलू नको म्हणून दटावलं आणि फोटो काढू म्हणालो. वीस वर्षं होत आली तरी हिच्या डोक्यातून ते जात नाही. असो, हौस आहे, पुरवू. मी बायोलॉजी शिकवतो. प्रसूतीचा धडा बारा वर्षांत शंभरदा तरी फळ्यावर काढला असेल. ह्यात अवघड काय आहे?

१० मार्च, रविवार

नांदेडला विशाखाताई म्हणून एक फोटोग्राफर मिळाल्या. लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढतात. बाळंतपणाचं काम पहिलंच, पण फोनवर तयार झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणजे आमच्या बाबतीत मामाकडे, म्हणून नांदेड.

दुपारी बसून यादी केली. घड्याळातली वेळ, पहिलं रडणं, वजनकाटा, पावलं, मुठी, नाळ. एकूण बावीस फोटो, महत्त्वाच्या क्रमानं, प्रत्येकाला लागणाऱ्या वेळेसह. साहेबराव सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, माझ्या अशा याद्यांचं फार कौतुक आहे.

अंजूला दाखवली. तिनं पेन घेतलं, एक नंबरच्याही वर लिहिलं, 'मी आणि बाळ', आणि कागद परत दिला. बाकीचं वाचलंच नाही. थोडा राग आला. दोन तास घातले होते मी.

१३ एप्रिल, शनिवार

मामा आले आणि अंजूला घेऊन गेले. बसलिंगप्पा मामांचं नांदेडला हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस कमी बोलतो. जीपमध्ये मागं गादी टाकून आणली होती. "जावईबापू, काळजी करू नका. माझ्या बहिणीची एवढीच निशाणी हाय," म्हणाले आणि लगेच टायर बघायला खाली वाकले.

मी बरोबर जायला हवं होतं. पण पोरांची 'नीट'ची परीक्षा पाच मेला आहे आणि रिव्हिजन बॅच माझ्या गळ्यात. साहेबराव सर म्हणाले, "डॉक्टरनं वीस मे सांगितलाय ना? मग पाच मेपर्यंत तुम्ही माझे, नंतर बायकोचे." सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर ते हसणं बरं वाटेना.

२१ एप्रिल, रविवार. नांदेड

एका दिवसासाठी आलोय. अंजूच्या पायांवर सूज आहे. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. बीपी दीडशेच्या वर. डॉ. देविका मॅडमनी गोळ्या वाढवल्या, मीठ बंद केलं आणि बाहेर बोलावून मला सांगितलं, "हे वाढलं तर तारखेची वाट बघणार नाही मी. फोन जवळ ठेवा." बीपी वाढल्यावर काय काय होतं ते मला पाठ आहे. पाठ नसतं तर बरं झालं असतं.

मग फोटोचा विषय काढला. मॅडम सरळ नाही म्हणाल्या. मी चिकाटी सोडली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बाळाचे काढा. पेशंटचा चेहरा नको. उद्या फेसबुकवर कुणीतरी टाकेल आणि माझ्या ऑपरेशन थिएटरचं नाव खराब होईल. तसं लेखी द्या."

घरी आलो तर नीलम्मा मामींची वेगळीच अडचण. त्या उदगीरकडच्या. फार चिडल्या की कानडी बोलतात. "ब्याड," म्हणाल्या. ब्याड म्हणजे नको. "बाळंतिणीचं तोंड बारा दिवस कुणाला दाखवत न्हाईत, आन् तुम्ही फोटो काढून ठेवणार? आधीच पोरीच्या नशिबाला काय कमी झालं? लेकराचे काढा, तिचा न्हाई."

माझ्या एकदम लक्षात आलं की दोघींची अट एकच आहे. डॉक्टरांना चेहरा नको, मामींनाही नको. एका कागदात दोन्ही गणितं सुटतात. स्वतःवर खूश झालो.

अंजूला एवढंच सांगितलं की परवानगी मिळाली. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाकीचं सांगितलं नाही. तिचा बीपी बघता आत्ता ते काढण्यात शहाणपण नाही.

२३ एप्रिल, मंगळवार. लातूर

क्लासच्या लेटरहेडवर सात मुद्द्यांचं हमीपत्र टाइप केलं. मुद्दा तिसरा: 'छायाचित्रण रुग्णाचा चेहरा वगळून करण्यात येईल.' मॅडमनी सही करून परत पाठवलं. एक प्रत विशाखाताईंना कुरिअरनं पाठवली आणि फोन करून तिसरा मुद्दा वाचून दाखवला.

त्या म्हणाल्या, "सर, मॅडमना हे माहीत आहे ना? तुमच्या मिसेसना?"

म्हटलं, आमचं घरातलं आम्ही बघू.

२८ एप्रिल, रविवार

पाण्याचा टँकर आज चौथ्या दिवशी आला. पोरं हॉस्टेलमधून बाटल्या घेऊन क्लासला येतायत आणि तिसऱ्या बेंचवर झोपतायत.

संध्याकाळी अंजूचा फोन. डोकं दुखतंय म्हणाली. मग विचारलं, "ताईंना सांगितलात ना, माझं तोंड आलं पाहिजे म्हणून?"

मी हो म्हणालो. इथं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, खोटं बोललो. बाळ हातात आल्यावर तिला बाकी काही आठवणार नाही. असंच असतं म्हणतात.

१ मे, बुधवार. अहमदपूर स्टँड, दुपारी एक

क्लासमध्ये फोन ऑफिसात जमा करावे लागतात, मास्तरांनाही. अकराला बाहेर आलो तर मामांचे चौदा मिसकॉल. बीपी एकशे सत्तर, डोळ्यांपुढं अंधारी, मॅडमनी सिझर ठरवलं. बॅच तशीच टाकून निघालो. साहेबराव सरांनी काही म्हटलं का, ऐकलं नाही. सुट्टीचा दिवस, त्यात लग्नाची दाट तिथी. उभ्यानं आलो. शर्ट घामानं भिजलाय.

चाकूरच्या पुढं अंजूचाच फोन आला. आत नेत होते तिला. म्हणाली, "विशाखाताई आल्यात. हिरवा गाऊन घातलाय त्यांनी, ओळखूच येईनात. मामीकडून वेणी घालून घेतले. सिस्टरनं टिकली काढायला लावली, मी परत लावले. नीट दिसली पाहिजे ना."

मी म्हणालो, घाबरू नको. ती म्हणाली, "मी न्हाई घाबरले. तुम्ही घाबरू नका."

फोन ठेवल्यावर विशाखाताईंचा नंबर काढला. तिसरा मुद्दा सोडा म्हणून सांगायला एक मिनिट लागलं असतं. नंबर बघत राहिलो. डॉक्टरांना लेखी दिलंय. ऐन ऑपरेशनच्या वेळी त्यांना राग आणायचा, तोही अंजू त्यांच्या हातात असताना? नंबर दाबला नाही.

पाच मिनिटांपूर्वी मामांचा फोन आला. मुलगी झाली. बारा बेचाळीसला. दोघी बऱ्या आहेत. कंडक्टरला सांगितलं तर त्यानं मला त्याची सीट दिली. फार आनंद झालाय.

२ मे, गुरुवार. नांदेड, दवाखाना

अंजू आयसीयूत आहे. शुद्धीवर नाही. काल काय झालं ते लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

लोह्याच्या अलीकडे परत मामांचा फोन. आवाज ओळखू येईना. "रक्त थांबून न्हाई राहिलं. डॉक्टर पिशवी काढायचं म्हणून राहिल्या. काय करू? सही मागतायत." मी उभा राहिलो. पिशवी म्हणजे काय, ती काढल्यावर काय राहतं, काय राहत नाही, सगळं मला माहीत. मागं दोन बायका लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होत्या. मी ओरडलो, "सही करा मामा. करा सही." सगळी बस गप्प झाली. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं आणि त्यानंतर लोह्याशिवाय गाडी कुठंच थांबवली नाही.

सव्वातीनला पोहोचलो. मामा पायऱ्यांवर बसलेले, शर्टाच्या बाहीवर रक्त. रक्तपेढीतून पिशव्या धावत आणलेल्या. पाच पिशव्या चढल्या. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ सुकलेले. "जीव वाचवायला काढावं लागलं. पुढचे अठ्ठेचाळीस तास बघू," म्हणाल्या.

मुलगी दोन किलो दोनशे. काचेच्या पेटीत. मी तिला नीट बघितलंसुद्धा नाही अजून. काचेपाशी गेलो की अंजूच्या दारापाशी परत यावंसं वाटतं आणि दारापाशी आलो की काचेपाशी.

मामी कोपऱ्यात बसून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर धरून पुटपुटतायत. काल दुपारपासून पाणी घेतलेलं नाही त्यांनी.

३ मे, शुक्रवार

विशाखाताई लॅपटॉप घेऊन आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून पाहिलं. एकसष्ट फोटो. घड्याळ आहे, वजनकाटा आहे, पावलं, मुठी, घोट्याला बांधलेली चिठ्ठी, मॅडमचे हातमोजे. माझ्या बावीसांतला एकही सुटलेला नाही. एका फोटोत हिरव्या कापडाच्या कडेला अंजूचा खांदा आणि वेणीचं टोक आहे. बाकी अंजू कुठंच नाही.

मी परत पहिल्यापासून बघितले. मग विचारलं, "एकही नाही?"

त्या म्हणाल्या, "सर, तुमचा कागद होता. डॉक्टरांची सही होती." मग लॅपटॉप मिटला. "बाळ गालापाशी नेलं त्यांच्या. मी दोन हातांवर होते. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, आले का मी? मी हो म्हणाले. टेबलावरच्या बाईला दुसरं काय सांगू? दोन-तीन मिनिटांतच धावपळ सुरू झाली आणि मला बाहेर काढलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं दिसत होतं तर एक बटण दाबायला काय झालं होतं? मग मामींचा राग आला, त्यांच्या बारा दिवसांचा. मग मॅडमचा. बाकावर बसून एकेकीवर रागवून घेतलं. पण मामी आणि मॅडम, दोघींनी आपापलं म्हणणं मांडलं होतं. अंजूचं म्हणणं मांडायला फक्त मी होतो आणि मी ते पहिल्या पाच मिनिटांत देऊन टाकलं.

पहिली भेट झाली ती एकदाच. आता दुसरं बाळ नाही. ती दोन मिनिटं आता कुठून आणू?

४ मे, शनिवार

दुपारी अंजूनं डोळे उघडले. मला ओळखलं. मी बाहेर येऊन जिन्यात रडलो. मामांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

६ मे, सोमवार

काल पोरांचे फोन आले, सर, बायो चांगलं गेलं. कुणाला काय उत्तर दिलं आठवत नाही.

आज अंजूला साध्या खोलीत आणलं, मुलीलाही तिच्याजवळ दिलं. पिशवीचं मॅडमनी स्वतः सांगितलं. ती छताकडे बघत म्हणाली, "एक हाय ना. बास." मग माझ्याकडे वळली. "फोटो आले का?"

म्हटलं, ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, दोन दिवसांनी देतील. परत खोटं. लॅपटॉपवरनं सगळे फोटो मोबाईलमध्ये घेतलेत, तो खिशात होता.

"माझा कसा आलाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, बोलू नको जास्त, टाके आहेत. नर्स रत्नम्मा सिस्टर आत आल्या म्हणून सुटलो. माझ्यासारखा भित्रा माणूस पोरांना डॉक्टर व्हायला शिकवतो.

९ मे, गुरुवार

सांगितलं. तिसऱ्या मुद्द्यासकट. अठ्ठावीस तारखेच्या फोनसकट, बसमध्ये नंबर काढून ठेवून दिला तेही. मुलगी तिच्या कुशीत दूध पीत होती.

मला वाटलं होतं रडेल किंवा मला बाहेर घालवेल. तिनं फक्त विचारलं, "मामी म्हणाल्या म्हणून तुम्ही हो म्हणलात?"

"डॉक्टरपण म्हणाल्या."

"मला का न्हाई विचारलात?"

तुझा बीपी, म्हणालो.

मामी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. आत आल्या आणि अंजूच्या पायांपाशी बसल्या. "तुझी आई गेली, मी तुला वाढवले. तुला काय व्हायला नको म्हणून बोलले गं," म्हणाल्या. अंजूनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे दिवसभर पाहिलं नाही.

११ मे, शनिवार

एक करता येईल असं वाटलं. फोटो नाही तर नाही, त्या दोन मिनिटांचं लिहून ठेवावं. मुलगी मोठी झाल्यावर वाचेल. तिथं जे होते त्यांना विचारत सुटलो. विशाखाताईंना फोन केला. रत्नम्मा सिस्टरची ड्यूटी संपायची वाट बघत गेटपाशी उभा राहिलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाडीपाशी गाठलं, त्यांना वाटलं मी तक्रार करायला आलोय. ज्याला जे आठवलं ते टिपून घेतलं.

१३ मे, सोमवार. नांदेड, मामांचं घर

आज बसवजयंती. बारसंही आजच केलं. पाळणा मामांनी दुकानातल्या नव्या साखळ्या लावून टांगला. मामींनी शेजारच्या बायका बोलावल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "फोटो काढा आता. सगळ्यांचे काढा. अंजूचे काढा." अंजूनं मान हलवून नको म्हटलं. कुणी काढले नाहीत.

बायका गेल्यावर मी वही काढली आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. हे असं:

'एक मे, बारा बेचाळीस. खोलीत फार गार होतं, तुझ्या आईचे दात वाजत होते. नाकाला नळी होती. वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, कपाळाला तांबडी टिकली, जराशी तिरकी. डावा हात बांधलेला, उजव्याची बोटं हलत होती. सिस्टरनं तुला तिच्या गालाला लावलं तेव्हा तुझं रडणं थांबलं. आईचा गाल ओला झाला. तिला हसू आलं. ती तुझ्याकडे बघत होती.'

वाचून झालं. मुलगी झोपली होती. मला आत कुठंतरी आशा वाटत होती की ती चांगलं लिहिलंय म्हणेल.

"टिकली तिरकी होती का?" तिनं विचारलं.

"विशाखाताई म्हणाल्या."

"हं." मग म्हणाली, "शेवटचं चुकलंय. ते कुणी सांगितलं?"

कुणी नाही, म्हणालो. ते मी माझ्या मनानं घातलं.

"मी हिच्याकडं बघितलंच न्हाई," अंजू म्हणाली. "ताई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या ना, मी तिकडं बघत होते. माझं तोंड नीट यावं म्हणून. मला वाटलं, ही कशी दिसली ते फोटोत निवांत बघीन. मग ते सगळं सुरू झालं, आन् मी हिला बघितलं ते एकदम सहा तारखेला."

मी शेवटची ओळ खोडली आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.